वाटीतली कॉइल

रविवारी सकाळी आमच्या विरारच्या सोसायटीत टँकर येतो आणि घराघरातून बादल्यांचे आवाज सुरू होतात. साधारण त्याच वेळी मी ओट्यापाशी एक स्टीलची वाटी घेऊन उभा राहायचो. वाटीत कढत पाणी, पाण्यात माझ्या व्हेपची कॉइल. सहा वर्षं हा कार्यक्रम इमानेइतबारे केला. २०१८ मध्ये लंडनला ऑनसाइट होतो, तेव्हा सिगरेट सोडायची म्हणून हे यंत्र घेतलं होतं. सिगरेट सुटली, यंत्र चिकटलं. असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅटमायझर म्हणजे एक छोटी टाकी, तिच्यात तारेचं वेटोळं आणि वेटोळ्यात कापूस. कापूस लिक्विड शोषतो, तार तापते, वाफ होते. लिक्विड म्हणजे प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर. फ्लेवरमधली गोडी तारेवर करपते, दुधाच्या पातेल्याला बुडाशी लागतं तसंच. आठवड्याभरात काळा थर जमतो आणि प्रत्येक झुरक्याला जळका वास यायला लागतो.

मग आपल्यातला इंजिनियर जागा होतो. गरम पाणी, जुना टूथब्रश, कोणी व्होडकात भिजवतो, कोणी चष्मे धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन आणतो. मी तर कापूस काढून नुसती तार लाल होईपर्यंत तापवायचो, थर जाळून टाकायला. वर टँकरचं पाणी इतकं जड की धुतलेली तार वाळली की पांढरी दिसायची, म्हणून शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्याने! पावसाळ्यात वसई-विरारला चड्ड्याबनियन वाळत नाहीत, तिथे कापूस काय वाळणार. तो मी फ्रिजच्या मागे ठेवायचो. आणि या सगळ्याचा मला चक्क अभिमान होता हो.

सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला शिक्षेचं वेगळं कलम त्यात नाही. त्यामुळे ड्रॉवरमधलं यंत्र तसंच राहिलं आणि त्याचा सुटा भाग उजळ माथ्याने मिळेनासा झाला. फेकायची वस्तू आम्ही धुऊन वापरायला लागलो. आता स्टेशनबाहेरच्या टपरीवर हळूच विचारलं तर कॉइल मिळते म्हणे. कोणी बनवली, कशाची बनवली, देव जाणे.

माझा भ्रम उतरला तो मागच्या वर्षी. कॉइल भिजत घातली आणि ऑफिसचा फोन आला. प्रॉडक्शन डाऊन, नेहमीचंच. फोन संपवून आलो तर वाटी गायब. आईने पाणी ओतून, वाटी घासून, तिच्यात माझ्या दोन वर्षांच्या मुलीला नाचणीचं सत्त्व दिलं होतं. "बाबू, ते तुझं लोखंड खिडकीत ठेवलंय," एवढंच म्हणाली. मुलीला काही झालं नाही, वाटी नीट घासलेली होती. पण लिक्विडची उघडी बाटलीही त्याच ओट्यावर होती. ३० मिलीची, मिलीला ५० मिलिग्रॅम. करा गुणाकार, १५०० मिलिग्रॅम निकोटिन, वर आंब्याचा वास. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचं मूल असलंच लिक्विड पोटात जाऊन गेलं. त्यानंतर तिकडे बाटल्यांना मुलांना उघडणार नाहीत अशी झाकणं सक्तीची करणारा कायदा झाला. आमच्या ओट्यावर कसलं झाकण!

हे लोकलमधल्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणतो, "तू बावळट आहेस, जागेवर ठेवत जा. मी दर आठवड्याला क्लीन करतो, त्यामुळे आपलं सेफ आहे." हे 'क्लीन आहे म्हणून सेफ आहे' माझ्या डोक्यात जातं. कारण सहा वर्षं मीही हेच म्हणत होतो.

धुतल्याने जातो तो वास. जळका वास म्हणजे सिस्टिमने दिलेली एरर आहे. आपण काय करतो, तर लॉग फाइल डिलीट करतो आणि म्हणतो, बघा, आता एकही एरर नाही! तार तीच, चटका तोच. धुतलेला कापूस नीट भिजला नाही तर वाफेत फॉर्मल्डिहाइड तयार होतं, ते वेगळंच.

बरं, मग नवी कॉइल घातली तर? तिथेही दिलासा नाही. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी ५६ जणांची स्वतःची रोजची यंत्रं तपासली. बाटलीतल्या लिक्विडपेक्षा वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम कितीतरी जास्त सापडलं, म्हणजे ते येत होतं तापणाऱ्या भागातूनच. आणि जे कॉइल वारंवार बदलतात त्यांच्या वाफेत धातूंचं प्रमाण जास्त असण्याकडे कल दिसला. म्हणजे जुनी वापरा तर करपट, नवी वापरा तर धातू. टूथब्रशने यातलं नक्की काय सुटतं, ते मला त्या मित्राने सांगावं.

'मग काय परत सिगरेट ओढू?' हा पुढचा प्रश्न. नाही बाबा. सिगरेट वाईटच आहे, बहुधा याहून वाईट. पण आपण सिगरेट सोडायला हे घेतलं होतं ना? मग सहाव्या वर्षी त्याची सर्व्हिसिंग कसली करतोय? केमिस्टकडे निकोटिनची गम मिळते, सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. मी गमवर चार महिने काढले. तोंडाची चव गेली आणि टीमने माझ्याशी बोलणं जवळपास सोडलं होतं, ते सोडा.

आणि एक, यंत्र कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते, गाडीत दाबली गेली की पेटू शकते. गोखिवऱ्याच्या डम्पिंगवर आधीच काय कमी आगी लागतात? माझं मी जुन्या लॅपटॉपबरोबर ई-कचरा घेणाऱ्याकडे दिलं. त्याने हातात घेऊन विचारलं, "साहेब, हे काय, पेनड्राइव्ह?" मी हो म्हटलं.

वाटी मात्र आईने परत डब्यात घेतली नाही. तिच्यात आता स्क्रू असतात.