लाटेचा थरार आणि काठावरची माणसे

कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ (‘विशाखा’, १९४२) शिकवताना आपले प्राध्यापक फळ्यावर ‘उदात्त’ हा शब्द लिहून मोकळे होतात. हिमायतनगरच्या ज्या विद्यार्थ्याने समुद्र पाहिलेला नाही, त्याने लाटांचा थरार घोकावा, ही अपेक्षा! त्याने पावसाळ्यात सहस्रकुंडावर कोसळणारी पैनगंगा पाहिली असेल, तिच्या पुरात बुडालेली शेतेही. एडमंड बर्कने १७५७ सालीच बजावले होते की, भयातून आनंद उपजतो तो धोका पुरेसा दूर असेल तरच. ज्याच्या वाट्याला हे अंतर येत नाही, त्याला आपल्या समीक्षेत स्थान कुठे आहे? २००४ च्या त्सुनामीनंतरही लाट ही केवळ पराक्रमाची पार्श्वभूमी कशी राहू शकते? गर्वगीत जरूर शिकवावे. पण आधी विद्यार्थ्याला त्याच्या पुराविषयी विचारावे, असा आमचा आग्रह आहे.