अंतर्जात अहिफेन आणि वैद्याचे उत्तरदायित्व

शार्ङ्गधरसंहितेत व्यवायी द्रव्यांची उदाहरणे देताना भांगेबरोबर अहिफेनाचा निर्देश आहे. अहिफेनाचे सामर्थ्य वैद्यांस शतकानुशतके ठाऊक होते. मेंदूत त्याचे विशिष्ट ग्राहक असतात, हे मात्र १९७३ साली सिद्ध झाले. हे ग्राहक शरीरात मुळात कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर १९७५ साली अॅबर्डीन येथील ह्यूजेस व कोस्टरलिट्झ यांनी दिले. डुकराच्या मेंदूतून त्यांनी प्रत्येकी पाच अमिनो आम्लांची दोन एन्केफॅलिने वेगळी केली. पुढे बीटा-एन्डॉर्फिन व डायनॉर्फिन यांची भर पडली.

तेव्हापासून ‘एन्डॉर्फिन’ हा शब्द जाहिरातींत शिरला. आपल्या व्यवसायातील काही पत्रकांतही अभ्यंगाने एन्डॉर्फिन स्रवते, असे ठासून सांगितले जाते. कोणी त्याचे ओजाशीच ऐक्य कल्पितात. सर्व धातूंचे सार असलेले ओज आणि ३१ अमिनो आम्लांची एक साखळी यांची अशी सांगड घालण्याने ना शास्त्राचा गौरव होतो, ना विज्ञानाचा. या शोधातून वैद्याने घेण्याजोगा बोध वेगळाच आहे.

ही पेप्टाइडे मोठ्या पूर्वगामी प्रथिनांच्या विच्छेदनातून निर्माण होतात. बीटा-एन्डॉर्फिनचे पूर्वगामी प्रथिन म्हणजे प्रो-ओपिओमेलॅनोकॉर्टिन. त्याची संपूर्ण रचना १९७९ साली क्योतो येथील नाकानिशी, नूमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. पीयूषिका ग्रंथीत याच प्रथिनापासून अधिवृक्क ग्रंथीस चालना देणारे एसीटीएच हे संप्रेरकही मिळते. म्हणजे आघातास तोंड देण्याची शक्ती आणि वेदनाशमन करणारे द्रव्य एकाच मुळातून उगवतात. बाहेरून स्टेरॉइड दीर्घकाळ दिल्यास पीयूषिकेतील या मुळाचीच निर्मिती मंदावते आणि अधिवृक्क ग्रंथी क्षीण होते.

येथे दुधनीसारख्या गावाचा विचार अपरिहार्य ठरतो. तुरीच्या हंगामात पोती वाहणारे हमाल, शेतात दिवसभर वाकून राबणाऱ्या स्त्रिया आणि सीमेपलीकडून येणारे कन्नडभाषी रुग्ण यांची मुख्य तक्रार कटिशूल व संधिशूल हीच असते. नाव-घटक नसलेल्या पुडीने एका रात्रीत आराम पडला की ते तिला ‘गावठी औषध’ समजून महिनोन्महिने घेतात. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. चेहऱ्यास गोलाई येते, रक्तशर्करा वाढते. आणि पुडी एकाएकी थांबवली तर ग्लानी, वांती व रक्तदाबाचा ऱ्हास होऊन प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास वमन-विरेचन देणे म्हणजे संकटास आमंत्रणच होय.

म्हणून संधिशूलाच्या प्रत्येक रुग्णास पूर्वी घेतलेल्या पुड्यांविषयी विचारावे आणि शोधनापूर्वी त्याची नोंद करावी. संशय आल्यास पुडी एकदम बंद न करविता रक्तातील कॉर्टिसोल तपासून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आपण स्वतः देत असलेल्या प्रत्येक चूर्णावर घटकद्रव्ये लिहावीत. भेसळयुक्त पुडी देणारा आपल्यापैकी असला, तरी संघटनेने त्यास पाठीशी घालू नये. पत्रकावर ‘एन्डॉर्फिन’ छापणे सोपे आहे. रुग्णाच्या देहातील त्या मुळाचे रक्षण करणे हे खरे वैद्यकर्म होय.