चैत्यभूमीच्या वाटेवर लेकराला काय पाजायचे?



नोव्हेंबर सरत आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच बोलणे सुरू होते. यंदा चैत्यभूमीला कोण कोण निघाले? कोणत्या गाडीने? दशम्या किती बांधायच्या? शेंगदाण्याची चटणी, ठेचा, पांघरुणे, निळे झेंडे, सगळ्याची यादी होते. जत्थ्यात चाळीस माणसे असली तर चाळीस माणसांच्या भाकरीचा हिशेब होतो. त्यात कुणाच्या तरी कडेवर पाच-सात महिन्यांचे लेकरू असते. त्याच्या पोटाचा हिशेब मात्र कोणी करत नाही. तो त्याच्या आईने मनातल्या मनात करायचा असतो. आणि बहुतेक वेळा मेडिकलमधून एक बाटली आणि दुधाच्या पावडरीचा डबा आणला की तो हिशेब झाला, असे घरचे समजतात.

या बाटलीबद्दलच आम्हाला बोलायचे आहे. अंगावर पिणाऱ्या लेकराला केवळ प्रवासासाठी बाटली लावू नका. आणि आईवर तशी वेळ येऊ नये हे बघणे तिच्या एकटीचे काम नाही, ते सगळ्या जत्थ्याचे काम आहे.

आमच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट सांगतो. नांदेडच्या एका वस्तीतली लेक सहा डिसेंबरचे अभिवादन करून परतली आणि तिसऱ्या दिवशी पाच महिन्यांचे बाळ घेऊन आमच्याकडे आली. बाळाचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती, रडायलाही त्राण नव्हते. तोवर ते फक्त अंगावर पीत होते. जनरल डब्यात चहूबाजूंनी पुरुष, पाय ठेवायला जागा नाही. सोबतच्या थोरल्या बाईने सांगितले, "चारचौघांत कसं पाजणार? बाटली घे." बाटली स्टेशनच्या नळाखाली विसळली. डबा महाग, म्हणून दूध पातळ केले. एकदा केलेले दूध तासन्‌तास पुरवले. घरी येईपर्यंत हगवण लागली होती. इकडे आईची छाती दगडासारखी घट्ट झाली होती आणि तिला ताप भरला होता. दवाखाना, ओआरएस, झिंक, सगळे झाले आणि लेकरू वाचले. ती पोर आम्हाला म्हणाली, "ताई, बसायला जागा मिळाली असती तर मी पाजलंच असतं."

आम्ही त्या पोरीला दोष देत नाही. चाळीस माणसांच्या जत्थ्यात तिला दोन हात जागा मिळाली नाही, हा दोष आपला आहे.

नांदेडहून तपोवन, नंदीग्राम किंवा देवगिरीने मुंबई गाठायला बारा तासांच्या आसपास लागतात. लातूरहून रात्रभराचा प्रवास. त्यात जादा गाड्यांची गर्दी आणि उशीर धरा, दादरला उतरल्यावर रांगेतले तास धरा, परतीची वाट धरा. लेकराच्या पोटाच्या दृष्टीने हे तीन दिवस झाले. या तीन दिवसांत बाटली धोक्याची का, ते समजून घ्या. बाटलीच्या बुचाच्या कडेला आणि रबराच्या बोंडात दुधाचा साका राहतो. घरी ती घासून, उकळून घेता येते. गाडीत ते जमत नाही. कोमट दूध चार-पाच तास राहिले की त्यात जंतू वाढतात. दुसरे असे की, आईचे दूध लेकराच्या ओढण्यावर तयार होते. तीन दिवस ओढणे कमी झाले की दूधही कमी होते. मग घरी आल्यावर आई म्हणते, "माझं दूध आटलं," आणि डबा कायमचा घरात येतो. महिन्याच्या मजुरीतला मोठा तुकडा त्यात जातो.

हे डबे खपवण्याचा जोर किती असतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणूनच १९९२ साली आपल्या देशात कायदा झाला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालील लेकरांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने द्यायला त्याने बंदी आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रसुद्धा छापता येत नाही. कोणी तुमच्या हातात फुकट डबा ठेवला तर समजा की गडबड आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते वयाप्रमाणे सांगतो.

सहा महिन्यांच्या आतले लेकरू असेल तर त्याच्यासाठी पिशवीत काहीच भरू नका. पाणीसुद्धा नाही. त्याचे सगळे जेवण आईच्या अंगावर आहे. ते शिळे होत नाही, सांडत नाही, गरम करावे लागत नाही. पिशवी भरायची ती आईसाठी. तिला पोटभर दशमी-भाकरी, शेंगदाणे-गुळाचे लाडू, खजूर, केळी आणि दर वेळी पाजताना तांब्याभर पाणी लागते. गाडीतल्या संडासात जायला नको म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. पाजणाऱ्या आईने हे करू नये. तिला संडासात जायला वाट करून द्या, तेवढा वेळ बाळ कोणीतरी सांभाळा.

सहा महिने पूर्ण झालेल्या लेकराला अंगावरचे दूध चालू ठेवून वरचे अन्न द्यायचे. प्रवासाला सगळ्यात सोपे फळ केळे. आपल्या अर्धापूरची केळी निसर्गानेच गुंडाळून दिलेली आहेत. वेळेवर सोलून, स्वच्छ वाटीत कुस्करून भरवा. निघतानाची मऊ खिचडी किंवा वरणभात पहिल्या दोन-तीन तासांत संपवा, पुढे तो डबा उघडू नका. पुढच्या जेवणांसाठी तांदूळ आणि मूगडाळ खमंग भाजून, बारीक दळून कोरडे पीठ न्या. थर्मासमधल्या उकळत्या पाण्यात ते कालवले, थोडा वेळ झाकून ठेवले की मऊ पेज तयार होते. वाटी-चमचा स्टीलचा घ्या. आजीच्या काळातले बोंडले घरात असेल तर ते घरीच राहू द्या, त्याची नळी आतून घासून निघत नाही.

आई आजारी आहे किंवा आई नाही, डॉक्टरांनीच पावडरचे दूध सांगितले आहे, अशीही लेकरे आपल्यात आहेत. त्यांच्या घरच्यांनी मनात अपराध धरू नये, फक्त रीत पाळावी. एकेका वेळची पावडर मोजून कोरड्या, स्वच्छ, झाकणाच्या डब्यांत वेगवेगळी घ्या. पावडर पूर्ण निर्जंतुक नसते, म्हणून पाणी चांगले कडक हवे. ते चांगल्या थर्मासमध्ये उकळते भरून न्या. निवले असेल तर वाटेत पुन्हा उकळते पाणी मिळवा. २०१६ साली रेल्वेने मोठ्या स्टेशनांवर बाळांसाठी दूध आणि गरम पाणी देण्याची जननी सेवा सुरू केली, तिचीही चौकशी करा, पण तिच्याच भरवशावर निघू नका. डब्यावर लिहिले असेल तेवढेच पाणी घाला. कालवल्यावर भांडे गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून पाहा आणि वाटी-चमच्याने पाजा. उरलेले दूध टाकून द्या. ते टाकताना जीव तुटतो, आम्हाला कळते. पण दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा असतो.

काही गोष्टी अजिबात नकोत. लेकरू गाडीत झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध पाजणारे लोक आम्ही पाहिले आहेत. हे फार घातक आहे. अशा काही मिश्र औषधांवर तर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिला आहे. वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवू नका. फलाटावरचे चहाचे दूध पाजू नका. आणि हगवण लागलीच तर पाजणे बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. आशाताईंकडून निघण्याआधीच ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या मागून घ्या. एक पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवायची, ते पाणी चोवीस तासांत वापरायचे. झिंक चौदा दिवस द्यायचे, वयाप्रमाणे किती ते आशाताई सांगतील. बाळ सुस्त पडले, पीत नाही, शौचात रक्त दिसले तर थांबू नका. गाडीत १३९ ला, बाहेर १०८ ला फोन करा. शिवाजी पार्कवर महापालिकेचे आरोग्य कक्ष असतात, तिथे गाठा.

आता आपली काही लेकरे विमानानेही जाऊ लागली आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर कुणाची लेक शिकायला गेलेली असते, कुणाचा जावई आखातात असतो. हैदराबादहून विमान धरायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, बाळाचे दूध आत नेऊ देतील का? देतात. परदेशी विमानात हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरच्या वरचे पातळ पदार्थ चालत नाहीत, पण बाळाचे दूध, बाळाचे अन्न आणि औषध याला प्रवासापुरती सूट आहे. तपासणीच्या ठिकाणी ते वेगळे काढून ठेवा आणि आधीच सांगा. ते उघडून तपासतील, घाबरू नका. बाळाचे खाणे मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग वाटेत हाती येत नाही. विमान वर चढताना आणि खाली उतरताना लेकराचे कान दुखतात, त्या वेळी अंगावर घ्या. गिळताना कानातला दाब सुटतो. दूध, फळे आत आणायला काही देशांत मनाई असते, म्हणून उरलेले उतरण्याआधी संपवा. बाकी रीत विमानातही तीच जी तपोवनच्या डब्यात. ट्रॅक्टरवर बसून उसतोडीला निघालेल्या कुटुंबांसाठीही तीच.

काही वडीलधारे म्हणतात, "एवढा व्याप कशाला? तान्ह्या लेकराला गर्दीत न्यावंच कशाला?" त्यांचे अर्धे म्हणणे आम्हाला मान्य आहे. दोन महिन्यांच्या आतले, कमी वजनाचे, आजारी किंवा लसी राहिलेले लेकरू त्या गर्दीत नेऊ नका. त्या वर्षी आपल्याच विहारात वंदना घ्या, नाहीतर गर्दी ओसरल्यावर जा. चैत्यभूमी वर्षभर उघडी आहे. पण धडधाकट लेकराच्या आईला "तू घरीच बस" म्हणून सोडून जाणे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांच्या चरणी जाण्याचा हक्क पाजणाऱ्या बाईलाही आहे.

म्हणून आमचे मंडळांना सांगणे आहे. निघण्याआधी यादी करताना विचारा, आपल्यात पाजणाऱ्या आया किती? त्यांना खिडकीजवळची, कोपऱ्यातली जागा आधी द्या. एक साडी आणि एक दोरी वरच्या बाकाला बांधली की आडोसा होतो. चार बाया भोवती बसल्या तरी भिंत होते. बापांनी बाळ धरावे, पाणी आणावे, वाटी-चमचा उकळत्या पाण्याने धुवावा, हे काम हलके नाही. शिवाजी पार्कवर ज्यांचे अन्नदानाचे किंवा पुस्तकांचे स्टॉल असतात, त्यांनी मागे चार साड्यांचा एक कोपरा करावा, आत सतरंजी आणि पाण्याचा जार ठेवावा, बाहेर "स्तनदा मातांसाठी" अशी पाटी लावावी. एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. एका स्थानकावर आम्हाला त्या कक्षाला कुलूप आणि आत झाडू-बादल्या दिसल्या. आम्ही किल्ली मागितली, मिळेपर्यंत उभे राहिलो आणि मिळाली. तुम्हीही मागा. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचे आपण कौतुक करतो, पण प्रत्येक आईला कडा उतरायला लावायचे नसते.

शेवटी एक आठवण. रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरे लहानपणीच गेली. १९२६ साली राजरत्न गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे यात साऱ्या देशाचे हित आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. आईचे दुःख तिचे एकटीचे नाही, त्याची जबाबदारी साऱ्यांनी उचलायची, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

यंदा जत्थ्याची यादी कराल तेव्हा भाकरीच्या आधी पाजणाऱ्या आईची जागा लिहा.

जयभीम. नमो बुद्धाय.