यादी कोणाची?

पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. बारामती व इंदापूर येथील पंचायत समित्यांचीही तीच गत झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला, गट-गणांच्या रचनेवर वाद झाले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ ग्रामीण मतदार मतदानापासून वंचित राहिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुकांचा आदेश द्यावा लागला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बंधन घातले असता ही स्थिती यावी, हे आम्हांस लांच्छनास्पद वाटते.

या तालुक्यांत दारिद्र्य कोठे आहे, असे शहरी वाचक विचारील. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहत आहे. त्याच्या काठी ऊस उभा राहिला आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने निघाले. परंतु कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही, त्या सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात पावसाने दगा दिला की मजुराची चूल विझते. इंदापुरात उजनीच्या जलाशयाने पळसदेवसारखी गावे उठविली. एकाच तालुक्यात असे दोन देश नांदत असताना, मदत कोणास द्यावी हा प्रश्न मुंबईस बसून सुटणारा नाही.

हेच जाणून वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा कायदा झाला व १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना साकारली. १९७२ च्या दुष्काळात तिने खेडी तगविली. १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा मजुराचा हक्क झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. पगारातून तो कापला जातो, याचे आपल्यापैकी कितीजणांस स्मरण असेल? सुप्याच्या मजुराशी आपले नाते त्या करापासूनचे आहे, आणि त्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने कामे सुचविण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आणि जिल्ह्याचा कामांचा आराखडा मंजूर करण्याचे काम जिल्हा पंचायतीकडे सोपविले. घरकुलांच्या यादीची पडताळणीही ग्रामसभेनेच करावयाची होती. निवडून आलेली जिल्हा परिषदच नसेल, तर आराखड्यावर सही कोण करणार? प्रशासकच. आणि नाव गळलेल्या विधवेने दाद कोणाकडे मागावी? त्याच प्रशासकाकडे!

प्रशासकाच्या राजवटीत कामे झटपट होतात, राजकारण आड येत नाही, असे पुष्कळ सुशिक्षित म्हणतात. अधिकारी कार्यक्षम असतो हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याची बदली होते. त्याचे उत्तरदायित्व वरिष्ठांशी असते. सदस्यास मात्र पाच वर्षांनी त्याच वेशीतून मत मागावयास यावे लागते. गरिबाच्या हाती एवढीच एक सत्ता आहे.

तथापि निवडणूक झाली म्हणजे न्याय झाला, अशी आमची भाबडी समजूत नाही. जो बागाईतदार, तोच कारखान्याचा संचालक आणि तोच परिषदेचा सदस्य, असे चित्र आपल्याकडे नवे नव्हे. त्याच्या शेतावर राबणारा मजूर ग्रामसभेत त्याच्यासमोर तोंड उघडण्यास कचरतो. म्हणूनच ग्रामसभा केवळ कागदावर भरता कामा नये. लाभार्थींची यादी गावात सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली जावी, चावडीवर लावली जावी. हजेरीपट आणि दिलेली मजुरी त्याच रीतीने जाहीर व्हावी. स्त्रियांची सभा आधी आणि खरोखर भरावी. एकट्या मजुरास जे बोलवत नाही, ते चारचौघांत वाचलेला कागद बोलतो.

आमची मागणी साधी आहे. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे शासनाने यापुढे कोणत्याही सबबीवर टाळू नये, आणि ग्रामसभेने हरकत घेतलेल्या नावांवर कारणे नोंदविल्यावाचून निर्णय होऊ नये. गरिबांच्या नावे काढलेली यादी गरिबांनाच ऐकावयास मिळत नसेल, तर ती गरिबांची कशी म्हणावी?