डाग जातात, पण घाई नडते

लग्नसराईच्या आधीचे दोन-तीन महिने सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात एक दृश्य हमखास दिसतं. वीस-बावीस वर्षांची मुलगी, सोबत आई. मुलीने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली. आईच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली एक पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब. ओढणी खाली येते तेव्हा गाल लालभडक दिसतात, कातडीखालच्या बारीक शिरांची जाळी उमटलेली असते, हनुवटीवर पुटकुळ्यांचं पीक आणि ओठांच्या वर पूर्वी नसलेली लव. आई सांगते, "आधी महिनाभर फार सुंदर उजळला होता हो चेहरा. आता चार दिवस लावायची थांबली की नुसती आग आग होते. म्हणून परत आणली." ट्यूब कुणी दिली, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "मेडिकलमधून. शेजारची पण तीच लावते."

मुलगी मुळात आली होती मुरुमांचे डाग घालवायला. ते डाग काही महिन्यांत बहुतांशी आपोआप फिके झाले असते. आता जे झालं आहे, ते निस्तरायला त्याहून अधिक वेळ लागणार आहे. आगीतून फुफाट्यात, ते हेच.

मुरुमांच्या डागांबद्दल सगळ्यात मोठा घोळ शब्दांचा आहे. लोक ज्याला सरसकट 'डाग' म्हणतात त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे मुरूम बसल्यावर त्या जागी राहणारा तपकिरी किंवा काळपट ठिपका. मुरूम म्हणजे त्वचेतला दाह. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दाह झाला की रंगपेशी जास्तीचं मेलॅनिन तयार करतात. हे रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर त्वचेच्या नेहमीच्या नूतनीकरणाबरोबर ते झडत जातं. काहींचं तीन-चार महिन्यांत, काहींचं वर्षभरात. रंगद्रव्य खालच्या थरात उतरलं असेल तर डाग राखाडी-निळसर दिसतो आणि तो वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो. पण दोन्हींत त्वचेचा पृष्ठभाग सपाट असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खड्डा. इथे दाह खोलवर गेलेला असतो, आतलं कोलॅजन नष्ट झालेलं असतं आणि त्वचा आत ओढली गेलेली असते. खड्डा हा रंगाचा प्रश्न नाही, तो रचनेचा प्रश्न आहे. कुठलंही क्रीम तो भरून काढत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. ओळखायची साधी युक्ती अशी: खिडकीशी उभं राहून उजेड बाजूने चेहऱ्यावर पडू द्यावा आणि आरशात बघावं. सावली पडली तर खड्डा. नाही पडली तर तो रंगाचा डाग. घरोघरी इतकं पाहिलं तरी अर्धा खर्च आणि अर्धी चिंता वाचेल.

डाग आणि खड्डा यांचं मूळ मात्र एकच, ते म्हणजे उपचार न झालेला मुरूम. हा आजार आपल्याकडे कुणी गंभीरपणे घेत नाही. "वयात आल्यावर येतातच", "लग्न झालं की जातील" ही वाक्यं प्रत्येक घरात आहेत. येतातच, हे खरं; किशोरवयात बहुतेकांना थोडेफार येतात. पण मुरुमांचा दाह जितका तीव्र आणि नीट उपचार सुरू व्हायला उशीर जितका जास्त, तितकी खड्डे पडण्याची शक्यता वाढते. पंधराव्या वर्षी दोन ट्यूबमध्ये भागलं असतं तिथे पंचविसाव्या वर्षी लेझरची चौकशी करावी लागते.

उपचार चालू केला तरी लोक पंधरा दिवसांत सोडतात, आणि त्याचंही कारण समजण्यासारखं आहे. मुरूम दिसतो त्या दिवशी तो जन्मलेला नसतो. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत तेल साठतं, क्युटिबॅक्टेरियम नावाचे जिवाणू तिथे वाढतात, मग दाह होतो. या सगळ्याला काही आठवडे लागतात. म्हणजे आज औषध सुरू केलं तरी पुढचे सहा-आठ आठवडे जे मुरूम उगवणार, त्यांची पेरणी आधीच झालेली असते. डॉक्टर दोन-तीन महिने धीर धरायला सांगतात ते यासाठी. पण बघण्याचा कार्यक्रम येत्या रविवारी असतो. आणि नेमक्या याच फटीतून ती ट्यूब घरात शिरते.

या ट्यूबची जन्मकथा मोठी चमत्कारिक आहे. १९७५ साली अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन आणि विलिस यांनी तीन औषधांचं एक मिश्रण मांडलं: रंगद्रव्य कमी करणारं हायड्रोक्विनोन, पेशींची झड वाढवणारं ट्रेटिनॉइन आणि या दोघांमुळे होणारी जळजळ शमवायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. हेतू होता वांगासारखे हट्टी डाग कमी करण्याचा, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. पुढे अमेरिकेत याच कल्पनेवरचं जे तयार क्रीम वांगासाठी मंजूर झालं, त्यात सौम्य स्टिरॉइड अगदी कमी प्रमाणात होतं आणि वापराची मुदत होती जास्तीत जास्त आठ आठवडे. भारतात मात्र या त्रिकुटात मोमेटासोनसारखं बरंच जोरकस स्टिरॉइड घालून ट्यूबा बाजारात आल्या आणि बघता बघता त्या 'गोरं होण्याचं क्रीम' म्हणून पाव-बिस्किटासारख्या विकल्या जाऊ लागल्या. वांगाचं औषध मुरुमांवर, मुरुमांचं डागांवर आणि शेवटी काहीच नसलेल्या चेहऱ्यावर.

स्टिरॉइड पहिल्या आठवड्यात जादू करतं, हे नाकारता येत नाही. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, लाली ओसरते. दाह दाबतं, पुळी बसते. रंगपेशींचं काम मंदावतं, चेहरा उजळ दिसतो. पण त्याच वेळी ते त्वचेला पातळ करत असतं. काही आठवड्यांत स्टिरॉइडचे स्वतःचे मुरूम उगवतात, आधीच्यांपेक्षा जास्त आणि एकसारखे. रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावतात, लव वाढते, ऊन सोसवत नाही. थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. व्यसनाची साखळी याहून वेगळी नसते. कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' असं नावच देऊन टाकलं. त्यातल्या हायड्रोक्विनोनचाही वर्षानुवर्षं वापर केला तर निळसर-काळे डाग उमटू शकतात, जे मूळ डागांहून कितीतरी चिवट असतात.

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. देशातल्या बारा केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांच्यापैकी जवळपास साठ टक्क्यांना ते डॉक्टरांनी सुचवलेलं नव्हतं आणि नव्वद टक्क्यांना त्याचे दुष्परिणाम दिसत होते. सगळ्यात जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरूम येणं किंवा असलेले वाढणं.

यानंतर त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने पाठपुरावा केला आणि २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या अनेक मलमांना शेड्यूल एचखाली आणलं. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, असा याचा अर्थ. कागदावर. कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जाऊन "चेहऱ्याच्या डागांसाठी काहीतरी द्या" म्हणून पाहावं. चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटला तर त्याचा सत्कार करायला हवा. अन्न व औषध प्रशासनाकडे निरीक्षक कमी आहेत, दुकानं भरमसाट आहेत, हे मान्य. पण अडीचशे रुपयांच्या ट्यूबने कुणी मरत नाही, म्हणून तिकडे बघायला वेळ नाही, ही वृत्ती जास्त घातक आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो.

सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणंही बरोबर नाही. त्वचेच्या कुठल्याही तक्रारीवर स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक यांची खिचडी लिहून देणारे डॉक्टर या राज्यात थोडे नाहीत. रुग्णाला दोन दिवसांत बरं वाटलं की डॉक्टरचं नाव होतं. शिवाय त्वचारोगतज्ज्ञ बहुतांशी शहरांत. गावातल्या मुलीने मुरुमांसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याला यायचं, केसपेपर काढून दोन तास रांगेत बसायचं आणि खिडकीवर 'बाहेरून घ्या' असं ऐकायचं, तर ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येच जाणार. मुरुमांची दोन-तीन मूलभूत औषधं ग्रामीण रुग्णालयापर्यंत नियमित पोहोचली आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ती कशी वापरायची हे शिकवलं, तर या ट्यूबचा निम्मा बाजार उठेल.

कारण खरे उपचार महाग नाहीत. रात्री अ‍ॅडापॅलीन हे जेल, मुरुमांवर ठिपके देऊन नव्हे तर मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर, वाटाण्याएवढं, पातळ पसरून. सुरुवातीला एक दिवसाआड, कारण पहिले दोन-तीन आठवडे कातडी कोरडी पडते, सोलते. घाबरून सोडणारे इथेच सोडतात. (गर्भवतींनी ते लावू नये.) सकाळी अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते टॉवेलचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं, त्यामुळे पांढरा टॉवेल वापरावा; औषधाने कपड्याचं हे केलं तर चेहऱ्याचं काय होईल, अशी आईला धास्ती वाटते, पण ती निराधार आहे. ही जोडी नवे मुरूम थांबवते, आणि नवा मुरूम नाही तर नवा डाग नाही. असलेले रंगाचे डाग लवकर फिके व्हावेत म्हणून अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड उपयोगी पडतं, गरोदरपणातही ते चालतं. नुसतं क्लिंडामायसिन महिनोन्‌महिने लावू नये. जिवाणू त्याला जुमानेनासे होतात.

आणि ऊन. डाग फिका होण्याच्या आड सगळ्यात जास्त काय येत असेल तर ते ऊन. तीस एसपीएफचं सनस्क्रीन दोन बोटांवर मावेल इतकं लावलं तर उत्तम. परवडत नसेल तर छत्री, टोपी, सुती ओढणी. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुलींच्या स्कार्फची टिंगल पुष्कळ होते, पण डागांच्या बाबतीत तो स्कार्फ शहाणाच म्हणायचा, फक्त रोज धुतलेला हवा.

घरगुती उपायांत हळद, चंदन, मुलतानी माती यांनी सहसा फार नुकसान होत नाही, फायदाही बेताचाच. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट मात्र चेहऱ्यापासून लांबच बरे. त्यांनी त्वचा भाजते आणि भाजल्याचा डाग मुरुमाच्या डागापेक्षा मोठा असतो. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरतं तिथे मुरूम वाढतात, हे आज्यांना पटत नाही पण खरं आहे. पार्लरमधला वाफ आणि मसाजचा फेशियल सूजलेल्या मुरुमांवर करू नये. आणि मुरूम फोडू नये, हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी पाळत नाही.

मोठ्या गाठी, छाती-पाठीवर पसरलेले मुरूम किंवा नुकतेच पडू लागलेले खड्डे असतील तर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांना पर्याय नाही. त्यातलं आयसोट्रेटिनॉइन अतिशय गुणकारी, पण गर्भात गंभीर व्यंग निर्माण करणारं. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर गर्भधारणा होता कामा नये. लग्न ठरलेल्या मुलीने हे डॉक्टरांना आधी सांगावं. पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर केस वाढत असतील तर अंडाशयाच्या विकाराची तपासणीही हवी.

जुन्या खड्ड्यांसाठी सुईने आतले धागे मोकळे करणं, अरुंद खोल खड्ड्यांत तीव्र आम्लाचा थेंब सोडणं, सूक्ष्म सुयांचे रोलर, लेझर असे उपाय आहेत. अनेक बैठका लागतात. खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. 'शंभर टक्के' असा शब्द वापरणाऱ्या दवाखान्यातून उठून यावं. मुरूम चालू असताना हे करून उपयोग नाही, आणि सावळ्या त्वचेवर लेझर बेताल वापरलं तर त्याचेच डाग पडतात.

ज्यांच्या घरात ती ट्यूब आधीच आहे, त्यांनी खोक्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी एखादं नाव आहे का ते पाहावं. असेल आणि महिन्याहून जास्त लावलं असेल, तर मनानेच थांबवून पुन्हा मनानेच सुरू करू नये. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा लाल होणार, आग होणार, पुळ्या येणार. त्या काळात द्यायला स्टिरॉइड नसलेली औषधं आहेत, त्यांनी तो काळ निभावतो. रुग्णालयात येताना ट्यूब टाकून देऊ नये, खोक्यासकट बरोबर आणावी. डॉक्टर ओरडतील म्हणून ती लपवली जाते, आणि मग काय लावलं होतं हे शोधण्यातच पहिली फेरी वाया जाते.