पहिले ३ लाख कोण भरणार?

मूर्तिजापुरात दुकान, गॅरेज चालवणारे माझे मित्र हल्ली मोबाईलवर हप्ता पाहून आरोग्य विमा निवडतात. सर्वात स्वस्त दिसतो तो बहुधा टॉप-अप. स्वस्त का? कारण त्यात ‘डिडक्टिबल’ असते. म्हणजे, समजा, बिलातले पहिले ३ लाख तुमचे, पुढचे कंपनीचे. अमेरिकेत अशा विम्याच्या जोडीला करमुक्त हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट उघडता येते. आपल्याकडे ती सोय नाही. ते ३ लाख बचतीतून किंवा दुसऱ्या पॉलिसीतूनच यायचे.

दुसरी मेख अशी. समजा, अब्बांना वर्षात दोनदा अकोल्याला भरती करावे लागले, दर वेळी बिल २ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे मोजतो, म्हणून एक रुपयाही देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि १ लाख देतो. माझ्या मते घ्यायचाच तर सुपर टॉप-अप.

पण त्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही. फक्त आजार आणि दवाखाना, दोन्ही योजनेच्या यादीत हवेत. जवळचा कोणता दवाखाना यादीत आहे, ते घरात सगळे ठणठणीत असतानाच विचारून ठेवा.