कलप लावावा कीं न लावावा?

कर्करोगाच्या दुखण्यांत किंवा त्या दुखण्यांतून उठल्यावर केसांस कलप लावावा कीं न लावावा, हा प्रश्न साहित्याला वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. वैद्याला विचारावें, त्यानें हो म्हटलें तर लावावा, नाहीं म्हटलें तर लावूं नये. यांत निबंध लिहिण्याजोगें काय आहे? प्रश्न खरोखर एवढा सरळ असता तर आम्हांस फार आनंद झाला असता. परंतु आपल्या सुशिक्षित घरांत हा प्रश्न वैद्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच त्याचा निकाल लागलेला असतो. तो निकाल सासूबाई देतात, नणंद देते, समाचाराला आलेले शेजारी देतात, आणि ज्यांच्या स्वतःच्या मिशा दर पंधरवड्यास काळ्या होतात असे वडीलधारे गृहस्थहि देतात. रोग्याचें मत तेवढें कोणी विचारीत नाहीं. आमचा वाद या निकालांशीं आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. केमोथेरपीचीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. दुर्दैवानें केसांच्या मुळांतील पेशीहि तशाच असतात. त्यामुळें डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल यांसारखीं औषधें सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस गळूं लागतात. सगळ्याच औषधांनीं ते गळतात असें नाहीं. पण गळले म्हणजे पुष्कळदां भुवया आणि पापण्याहि जातात. किरणोपचारांत मात्र किरण पडतात त्या भागाचेच केस जातात. केमोथेरपी संपल्यावर बहुधा एक-दोन महिन्यांत बारीक लव दिसूं लागते, आणि पुढें केस महिन्याला सुमारें १ सेंटिमीटर या चालीनें वाढतात. हे नवे केस पूर्वींसारखेच येतील याची हमी नसते. सरळ केसांच्या जागीं कुरळे येतात, काळ्यांच्या जागीं राखी किंवा पांढरे येतात. कित्येक महिने झुंजून उठलेली बाई आरशांत पाहते तेव्हां तिला दिसणारें डोकें तिच्या ओळखीचें नसतें. कलपाचा प्रश्न येथें उत्पन्न होतो. नटण्यामुरडण्याच्या हौसेंत नव्हे.

पहिला निकाल वैराग्यवाद्यांचा. "जीव वांचला हें काय थोडें झालें? आतां केसांचें काय घेऊन बसलीस?" हें वाक्य बहुधा प्रेमानेंच उच्चारलें जातें, पण त्यांतील तर्क पाहण्यासारखा आहे. मोठी वस्तु परत मिळाली म्हणून लहान वस्तु मागण्याचा हक्क गेला, असा हा न्याय आहे. विषमज्वरांतून उठलेला मनुष्य पुन्हा इस्त्रीचा सदरा घालूं लागला, तर त्याला "जीव वांचला, सदऱ्याचें काय?" असें कोणी म्हणत नाहीं. उलट तो माणसांत आला म्हणून घरच्यांस समाधान वाटतें. मग कर्करोगांतून उठलेल्या स्त्रीनें माणसांत येण्याचा आपला मार्ग निवडला तर तो चंगळीचा कां ठरावा? आणि हाच प्रश्न कचेरींत जाणाऱ्या पुरुषाला कोणी विचारीत नाहीं. त्याचे काळे केस म्हणजे टापटीप. तिचे काळे केस म्हणजे मोह!

या भेदाचें मूळ आपल्या समाजांत फार खोल आहे. महाराष्ट्रांतील उच्चवर्णीय घरांत विधवेचे केस कोणाचे हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या तिला न विचारतांच सोडविला जात होता. केशवपनाच्या त्या चालीविरुद्ध आगरकरांनीं १८८८ सालीं सुरू झालेल्या 'सुधारका'तून आपली लेखणी झिजविली. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांच्या डोक्यास वस्तरा न लावण्याचा निश्चय केला. ती चाल गेली, आणि ती गेल्याबद्दल आपण अभिमानहि बाळगतों. परंतु स्त्रीच्या डोक्याविषयीं निर्णय देण्याचा अधिकार घरानें आणि गल्लीनें सोडला आहे काय? केस गळलेल्या स्त्रीला पाहून आजहि एखादी म्हातारी पदर तोंडाला लावते, त्या हालचालींत तो जुना इतिहास जिवंत असतो. ज्या समाजानें केसहीन मस्तक हें स्त्रीच्या अशुभाचें चिन्ह ठरविलें, त्यानेंच तिला "केसांचें काय एवढें?" म्हणून विचारावें, हें फारच झालें.

दुसरा निकाल याहून क्रूर आहे. "कलप लावीत होतीस ना, म्हणूनच झालें!" रोग्याच्या उशाशीं बसून हें बोलणारे लोक शास्त्राचें नांव घेतात, म्हणून शास्त्र काय म्हणतें तें सांगणें प्राप्त आहे. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून कृत्रिम रंग करण्याची वाट विल्यम पर्किन या इंग्रज तरुणानें १८५६ सालीं दाखविली. त्याच रसायनशास्त्राच्या आधारें पॅरिस येथें ओझेन श्युलेर यानें १९०७ सालीं केसांचा रंग तयार केला. जपानांत यामागिवा यानें १९१५ सालीं सशांच्या कानांवर डांबर वारंवार लावून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. तेव्हां संशय घेणें मूर्खपणाचें नव्हतें. १९७५ सालीं ब्रूस एम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत कलपांतील कित्येक द्रव्यें जंतूंच्या आनुवंशिक द्रव्यांत बदल घडवितात असें आढळलें, आणि पुढें कारखानदारांना कांहीं द्रव्यें काढून टाकावीं लागलीं.

परंतु संशय हा निकाल नव्हे. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, केस कापण्या-रंगविण्याचा धंदा करणाऱ्यांना घडणारा संपर्क 'बहुधा कर्करोगजनक' या वर्गांत घातला. स्वतःच्या केसांस कलप लावण्याविषयीं मात्र निश्चित वर्ग ठरविण्याइतका पुरावा नाहीं असें म्हटलें. अमेरिकेंतील सुमारें ४६ हजार स्त्रियांची एक पाहणी २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. कायमचा कलप वापरणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण शेंकडा ९ नीं अधिक, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत शेंकडा ४५ नीं अधिक, असें तींत दिसलें. लगेच २०२० सालीं १,१७,२०० परिचारिकांची ३६ वर्षांची पाहणी बाहेर आली. तींत बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला आढळला नाहीं, स्तनाच्या कांहीं प्रकारांशीं आणि अंडाशयाच्या कर्करोगाशीं तेवढा थोडासा संबंध दिसला. यावरून सावधगिरीचा उपदेश निघेल. एका विशिष्ट स्त्रीच्या रोगाचें कारण निघणार नाहीं. समूहाच्या आंकड्यांवरून व्यक्तीवर आरोप ठेवणें हा तर्कशास्त्राच्या पहिल्या इयत्तेंतील दोष आहे. आणि एक चमत्कार पहा: ज्यांच्याविषयीं पुरावा अधिक जड आहे ते दिवसभर उघड्या हातांनीं रंग कालवणारे कारागीर; त्यांना हातमोजे द्यावे, दुकानांत हवा खेळती ठेवावी, याविषयीं हे शास्त्रभक्त चकार शब्द काढीत नाहींत.

तिसरा निकाल उलट्या दिशेचा, आणि तो हल्लीं वाढत चालला आहे. घरांत मुलीचें लग्न ठरावयाचें असतें. आईला कर्करोग झाला होता हें व्याह्यांना कळूं नये अशी सर्वांची इच्छा असते. "कार्यापुरतें काळें करून घे" असा आग्रह सुरू होतो. केस बोटभर वाढलेले, डोक्याची कातडी हुळहुळी, पण घराच्या अब्रूचा प्रश्न! कलप लावूं नको म्हणणारे आणि लावच म्हणणारे हे परस्परांचे विरोधी वाटतात. वस्तुतः ते एकाच पंथाचे आहेत. दोघेहि तिच्या डोक्याकडे लोकांच्या डोळ्यांनीं पाहतात. तिला पांढरे केस शौर्याच्या पदकासारखे मिरवावयास लावणारे आधुनिक स्तुतिपाठकहि याच पंक्तींत बसतात. जिला मिरवावयाचें आहे तिनें अवश्य मिरवावें, तो तिचा आनंद आहे. पण आजारी माणसावर शौर्याची सक्ती करणें हाहि जुलूमच होय.

चौथा पक्ष बाजाराचा. 'वनस्पतिजन्य', 'अमोनियाविरहित' अशीं अक्षरें पुडीवर छापलीं कीं आमचे विचारी वाचकसुद्धां निर्धास्त होतात. अमोनिया नसला म्हणून कलप निरुपद्रवी होत नाहीं. काळ्या कलपांत पॅरा-फेनिलीन-डायअमीन नांवाचें द्रव्य बहुधा असतें, आणि कातडीला खाज, सूज व फोड आणणारें तेंच. शुद्ध मेंदीनें केस तांबूस होतात. काळे होत नाहींत. म्हणून 'काळी मेंदी' म्हणून जी विकली जाते तींत तेंच द्रव्य मिसळलेलें असण्याचा पुष्कळ संभव असतो. मेंदी आजीनें लावली, पणजीनें लावली, हा आधार या पुडीला लागू पडत नाहीं. पणजीनें पाटा-वरवंट्यावर वाटलेला पाला आणि ही पूड यांत नांवापलीकडे साम्य थोडेंच असतें.

मग विचार करावा तो कोणत्या गोष्टींचा? केमोथेरपी चालू असतांना रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. त्या वेळीं डोक्यावरील साधी जखमहि जंतूंना दार उघडून देते, आणि उरलेले केस ठिसूळ असतात. म्हणून त्या काळांत रासायनिक कलप टाळावा, यावर बहुतेक वैद्यांचें एकमत आहे. केस टिकावे म्हणून ज्यांच्या डोक्यावर थंड टोपी घालतात त्यांनाहि कलप वर्ज्य सांगतात. उपचार संपल्यावर पुष्कळ ठिकाणीं सुमारें सहा महिने थांबावयास सांगतात. केस आणि कातडी चांगली सावरली असेल तर कांहीं वैद्य आधींहि मोकळीक देतात. पूर्वीं वीस वर्षें तोच कलप चालला असला, तरी नव्या कातडीवर त्याची परीक्षा पुन्हा केली पाहिजे: कानामागें किंवा कोपराच्या आंत थोडा लावून ४८ तास वाट पहावी. पापण्यांस व भुवयांस तर कधींच लावूं नये. पापण्यांच्या कलपानें १९३३ सालीं अमेरिकेंत एका स्त्रीचे डोळे गेले होते. जिला घाई नाहीं तिला टोप आहे, रुमाल आहे, कांहींच न घेण्याचीहि मुभा आहे. आणि ज्या वैद्यानें उपचार केले त्याला हा प्रश्न विचारतांना लाजण्याचें कांहींएक कारण नाहीं. भूक लागते का, झोंप येते का, हे प्रश्न जितके योग्य तितकाच हाहि.

या यादींत व्याही नाहींत, शेजारी नाहींत, वैराग्यहि नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. कातडीची अवस्था, रक्ताची अवस्था, कलपांतील द्रव्य, आणि ज्याचें डोकें त्याची इच्छा, एवढ्याच गोष्टी या प्रश्नाशीं संबद्ध आहेत. पहिल्या तिहींविषयीं वैद्य सांगेल, चौथीविषयीं रोगी सांगेल. इतरांना सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

कोणी म्हणेल, आजारी माणसाला आप्तांनीं सल्ला देऊंच नये काय? अवश्य द्यावा, पण मागितल्यावर. न मागितलेला सल्ला द्यावयाची फारच उबळ आली, तर रुग्णालयांत तिच्याबरोबर रांगेंत उभें रहावें, घरीं आल्यावर तिच्या तोंडाची चव गेली असतां तिला काय खाववेल तें विचारून करून द्यावें, औषधांच्या वेळा लिहून ठेवाव्या. तिच्या डोक्यावर काळें असावें कीं पांढरें, कीं कांहींच नसावें, हें तिचें तिला ठरवूं द्यावें. आणि तिनें ठरविल्यावर, तें आपल्या मनाविरुद्ध असलें तरी, पूर्वींप्रमाणेंच तिच्याशीं बोलावें.